बुधवारचा गठ्ठा

बुधवारी साडेदहाला गठ्ठा येतो.
मी सुरीनं पट्टी कापते, आणि खोक्यातून
ताज्या शाईचा वास सुटतो, थोडासा रॉकेलसारखा.
बाहेर डुलुथ उणे बावीसवर.
सरोवर गोठलंय पार दीपस्तंभापर्यंत,
पायपुसण्यावर बुटांचं खारट पाणी.

पहिला येतो ऑर्विल केटुनेन.
एकतीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर होता,
आता दोन्ही गुडघे बदललेले.
उभ्या उभ्याच चाळतो 'कॅप्टन बॅलास्ट', अंक दोनशे चौदा,
आणि पान नऊवर बोट आपटतो.
"हा दोर बघ, मार्लिस. असा बांधला तर जहाज
सकाळपर्यंत कॅनडात."

बॅलास्टला उडता येत नाही.
त्याला फक्त जड होता येतं, हवं तितकं.
वादळात दोर कमरेला गुंडाळून उभा राहतो,
आणि बंदर जागचं हलत नाही.
ऑर्विलला तेवढं पुरतं. पण गाठ नीट हवी.

मी म्हणते, गाठीचं काय घेऊन बसलास,
नवा चित्रकार घोटेसुद्धा काढत नाही,
सगळ्यांचे पाय धुक्यात.
गुडघ्याखाली शूरवीर कसे असतात
हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

मग थेडियस. बस चालवतो तो,
अकराच्या फेरीआधी त्याच्याकडे बारा मिनिटं.
"दोर काय, घोटे काय! यांनी मॅडम बॅरोमीटरला मारलंय!
चार महिने पारा पडत होता तिचा,
आम्हाला वाटलं, हवामान असेल."

"येईल परत. तिसऱ्यांदा मेलीय."

"या वेळी खरं वाटतं."

"मागच्या वेळीही हेच म्हणालास,
रडलास, आणि वर दोन प्रती घेतल्यास."

तो हसत नाही. टोपी बोटांत फिरवत राहतो.
"पण तिला कुठं ठाऊक असतं, की ती परत येते?
आपण तिसऱ्यांदा वाचतो.
ती दर वेळी पहिल्यांदाच मरते."

यावर काय बोलणार.
रेडिएटर दोनदा खोकला.

तेवढ्यात मागच्या रॅककडून पा न्हिया.
शाळा बुडवून येते, मी विचारत नाही;
व्हांगांची धाकटी, महिन्याला एकच अंक घेते
आणि पाच वाचून ठेवते, कोपरा न दुमडता.
"अक्षरं बदललीत," ती म्हणाली.

"काय?"

"बोलण्याच्या फुग्यांतली. चौदाव्या पानापासून.
आधीच्या माणसाच्या आरचा पाय
किंचित उचललेला असायचा,
दारात थबकल्यासारखा.
आता सगळे आर एकाच साच्याचे."

आम्ही चौघांनी चार प्रती उघडल्या.
ऑर्विलनं चष्मा कपाळावरून खाली ओढला.
तेरा: पाय उचललेला.
चौदा: नाही.
पहिल्या पानावर, मुंगीएवढ्या टाइपात, नाव मात्र तेच:
अक्षरे, एल. फॅरिंग्टन.

इतकी वर्षं त्याच्याच हातानं ऐकत आलो सगळ्यांना,
बॅलास्टचं गुरगुरणं, वादळाचा धडाका,
आणि एकानंही कधी नाव वाचलं नव्हतं.
आजारी पडला असेल. काढला असेल.
हात थरथरायला लागला असेल, ऑर्विल म्हणाला,
आणि स्वतःचा हात खिशात घातला.

थेडियस हळूच पान एकोणीस काढतो.
बॅरोमीटर तिथंच जाते, पुलाखाली, बर्फात.
"म्हणजे हे तिचे शेवटचे शब्द," तो म्हणतो,
"परक्याच कुणाच्या हातचे."

अकराची बस त्या दिवशी अकरा नऊला सुटली.
थांब्यावर सात माणसं, सात शिव्या.
पा न्हियानं अंक जागेवर ठेवला.
मग परत उचलला, आणि पैसे मोजले, सगळी नाणी.

संध्याकाळी पुढच्या महिन्याची मागणी भरायची होती.
बॅलास्ट, दोनशे पंधरा: ऑर्विल एक, थेडियस दोन
(तो नाही म्हणाला, तरी दोन).
वहीत नावं इंग्रजीतच लिहिते मी.
ऑर्विलमधला आर सरळ आला.
खोडला.
परत काढला, पाय थोडा उचलून.
नाही जमलं. हा तर पळत सुटलेला दिसतोय.